विश्लेषण : पाण्यातले विष ओळखणारा रेणू प्रयोगशाळेबाहेर का अडखळतो? सातारा-सांगलीच्या रसायनशास्त्रज्ञांपुढचा पेच…

पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. घरोघरी दिसणाऱ्या या गमतीतच आजच्या ‘केमिकल सेन्सिंग’चे तत्त्व दडलेले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि सातारा, सांगलीतल्या महाविद्यालयांत अनेक प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी याच तत्त्वावर काम करत आहेत. शिसे, कोबाल्ट, औषधांचे अंश असे काही ना काही ओळखणारे नवे रेणू ते तयार करतात. शोधनिबंध प्रसिद्ध होतात, पदव्या मिळतात. तरीही गावातले पाणी तपासायचे झाले, तर नमुना बाटलीत भरून दूरच्या प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. असे का होते, याचा हा आढावा.

रासायनिक संवेदक म्हणजे नेमके काय?

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या रेणूचा. व्होगेल आणि पेलेतिए यांनी तो 1815 मध्ये हळदीतून वेगळा काढला आणि त्याची रचना 1910 मध्ये उलगडली. साबण किंवा चुना यांसारख्या अल्कलीच्या सान्निध्यात कर्क्युमिनवरचा हायड्रोजन निघून जातो, रेणूतील इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते आणि तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. डोळ्याला दिसतो तो लाल रंग. अल्कली आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर रेणूने रंगातून दिले.

संवेदकाला दोन कामे करावी लागतात. समोरच्या गर्दीतून हवा तोच पदार्थ धरायचा आणि धरल्याची खूण पटवायची. खूण रंगाची असेल, प्रकाशाची असेल किंवा विजेची. जगातला सर्वात यशस्वी रासायनिक संवेदक बहुतेकांच्या घरी किंवा शेजारी असतोच. तो म्हणजे साखर तपासण्याचा ग्लुकोमीटर. लेलंड क्लार्क यांनी 1956 मध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जाहीर केला आणि 1962 मध्ये त्याला ग्लुकोज ओळखणाऱ्या विकराची जोड दिली. रक्तात शेकडो पदार्थ असतात, पण हे विकर ग्लुकोजलाच हात घालते. यंत्र स्वस्त झाले ते नंतर. मूळ किमया निवड करण्याची आहे आणि पुढचा सगळा पेच तिथेच आहे.

या भागात हे काम सुरू कसे झाले?

सेन्सर हा शब्द प्रचलित होण्याआधी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र म्हणजे प्रामुख्याने वेगळे करण्याचे शास्त्र होते. धातूंच्या मिश्रणातून एक धातू सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचा, त्याला रंग देणारे अभिकर्मक घालायचे आणि रंगाची तीव्रता स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायची. मुंबईच्या आयआयटीत श्री. मो. खोपकर यांनी ही परंपरा रुजवली. अनिल कुमार डे आणि चाल्मर्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला धातूंच्या द्रावक-निष्कर्षणावरचा ग्रंथ 1970 मध्ये प्रसिद्ध झाला.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 ची. तिथल्या रसायनशास्त्र विभागात व्ही. एम. शिंदे, एम. बी. चव्हाण, एम. ए. अनुसे यांनी पुढची काही दशके याच वाटेने काम केले. नवे अभिकर्मक बनवणे, कोणत्या आम्लतेला कोणता धातू सुटतो हे शोधणे, मिश्रधातूंवर आणि औषधांवर पद्धत लावून पाहणे, असे ते काम होते. आज ते जुनाट वाटते. सेपरेटिंग फनेल हाताने हलवत बसायचे, द्रावकाचा वास नाकात जायचा, एका नमुन्याला बराच वेळ लागायचा. पण त्या पिढीची एक सवय मोलाची होती. शोधनिबंधात इतर आयनांच्या अडथळ्याचा तक्ता असायचाच. कोणता आयन किती पट असेपर्यंत पद्धत टिकते आणि कुठे कोसळते, हे त्यात लिहिलेले असे.

मग प्रकाशाकडे वळण का आले?

अत्यल्प प्रमाण मोजायचे असेल, तर शोषलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर पडणारा प्रकाश मोजणे फायद्याचे ठरते. भर उन्हात एक दिवा किंचित मंदावला तर कळत नाही, अंधारात काजवा चमकला तर लगेच कळतो, तसे हे आहे. पेशीतले कॅल्शियम प्रकाशातून दाखवणारे रेणू रॉजर त्सिएन यांनी 1980 च्या दशकात बनवले. मूळचे श्रीलंकेचे आणि बेलफास्टमध्ये काम करणारे ए. पी. डिसिल्व्हा यांनी अशा रेणूंची रचना कशी आखावी, याचे नियमच मांडले. धातूचा आयन धरताच विझलेला रेणू उजळतो, असा तो आराखडा होता.

त्यानंतर नॅनोकण आले. ज्या क्वांटम डॉटना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांच्यावर कोल्हापुरात त्याआधी दशकभर काम सुरू होते. जी. बी. कोलेकर, एस. आर. पाटील, पी. व्ही. अनभुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध 2012 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. कॅडमियम सल्फाइडच्या क्वांटम डॉटना कार्बोक्सिल गट जोडून त्यांनी पाण्यातला कोबाल्ट नुसत्या डोळ्यांना दिसेल असा ओळखला होता. यात एक विसंगती होतीच. पाण्यातला एक विषारी धातू शोधायला दुसरा विषारी धातू, कॅडमियम, वापरायचा. म्हणून जगभरातले अनेक गट कार्बन डॉटकडे वळले. हे चमकणारे कण 2004 मध्ये कार्बन नळ्या शुद्ध करताना योगायोगाने सापडले होते. ते बनवायला महागडे रसायन लागत नाही. साखर, फळांच्या साली, पालापाचोळा, उसाची चिपाडे असे कार्बन असलेले काहीही पुरते. कोल्हापूरच्याच गटाने 2019 मध्ये वापरलेल्या चहाच्या चोथ्यापासून नायट्रोजनयुक्त कार्बन डॉट तयार केले आणि त्यांनी लघवीतील व औषधातील टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मोजले.

ग्रामीण महाविद्यालयाला हे काम परवडणारे आहे. क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान-वर्णपटाची मोठी यंत्रे घ्यायची ऐपत नाही, पण भट्टी, अतिनील दिवा आणि चोथा कुठेही मिळतो. चमक मोजण्याचे यंत्र नसेल, तर नमुने घेऊन कोल्हापूरला जाता येते.

साताऱ्यातून असा संशोधक कसा घडतो?

भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. साताऱ्यात 1947 मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि 1958 मध्ये विज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय आले. आजची यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ती हीच. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून शिकलेल्या कित्येकांनी इथेच पहिल्यांदा ब्युरेट हातात धरली. या महाविद्यालयांना सामावून घेत 2021 मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले.

माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या मुलाचा वा मुलीचा प्रवास साधारण ठरलेला असतो. तालुक्याच्या गावी बी.एस्सी., मग साताऱ्यात, सांगलीत किंवा कोल्हापुरात एम.एस्सी., विषय बहुधा सेंद्रिय किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्र. सेंद्रियवाल्यांना औषध कंपन्या बोलावतात. विश्लेषणवाल्यांनाही गुणवत्ता नियंत्रण विभागात जागा मिळते, पण तिथे पद्धत ठरलेली असते, ती फक्त चालवायची असते. ज्याला पद्धत शोधायची आहे तो नेट, सेट, गेट यांपैकी एक परीक्षा देतो आणि मार्गदर्शक शोधतो. सारथी, बार्टी, महाज्योती यांची अधिछात्रवृत्ती मिळाली तर पाच वर्षे निभावतात. अन्यथा सकाळी तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि दुपारनंतर प्रयोग करायचे, असे अनेकांचे चालते. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचे मानधन तासांवर मोजले जाते आणि उन्हाळी सुट्टीत ते थांबते. प्रयोगाला मात्र सुट्टी नसते. उलट वर्ग नसलेल्या त्या दोन महिन्यांतच प्रयोग उरकतात.

पीएच.डी.साठी शोधनिबंध सक्तीचा असल्याची अट विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमावलीत काढली. नोकरीच्या मुलाखतीत आणि बढतीच्या गुणपत्रकात निबंधांची संख्या मात्र बघितली जातेच. पेटंट आणि सल्लागारीलाही गुण आहेत, पण निबंध मोजायला सोपे असतात. एखाद्या ग्रामपंचायतीने ती पद्धत दोन वर्षे वापरली, याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे अजून कोणी ठरवलेले नाही. त्यामुळे हुशार विद्यार्थीही साहजिकच पुढच्या निबंधाकडे वळतो. एका रेणूने लोह ओळखले, आता दुसऱ्याने तांबे ओळखायचे. हा दोष त्या विद्यार्थ्याला देणे अन्यायाचे होईल.

किती सूक्ष्म मोजायचे असते?

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. दुष्काळी पट्ट्यात येणारा टँकर 10 हजार लिटरचा धरला, तर त्या संपूर्ण टँकरमध्ये एक दशांश ग्रॅम शिसे विरघळले की मर्यादा संपली. तांदळाच्या चार-पाच दाण्यांचे वजन तेवढे भरते. पाऱ्याची मर्यादा याच्याही दहापट कडक आहे. आर्सेनिकची शिशाएवढीच आहे.

एवढे सूक्ष्म ओळखल्याचा दावा आज बहुतेक शोधनिबंधांत असतो आणि तो खोटा नसतो. रिकाम्या द्रावणाचे वाचन अनेकदा घेऊन त्यात किती चढउतार होतो ते पाहायचे आणि त्याच्या तिप्पट संकेत देणारे प्रमाण ही मोजण्याची किमान सीमा मानायची, अशी रूढ रीत आहे. मेख अशी की हे रिकामे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे असते. त्यात चिखल नसतो, क्षार नसतात, साखर कारखान्याची मळी नसते.

खऱ्या पाण्यात काय बिघडते?

याचे उत्तर पुन्हा हळदच देते. पाण्यातला बोरॉन मोजण्याची एक जुनी, जगभर मान्य असलेली पद्धत कर्क्युमिनवर आधारलेली आहे. पाण्याचा नमुना आम्ल व कर्क्युमिनसह आटवला की बोरॉनशी संयोग होऊन रोझोसायनिन हे लाल संयुग बनते. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून 540 नॅनोमीटरला वाचतात. पद्धत सुंदर आहे, पण तिच्या सूचनांतच दोन इशारे आहेत. नायट्रेट-नायट्रोजन लिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर असेल तर वाचन बिघडते आणि पाण्याचा कठीणपणा 100 मिलिग्रॅमच्या वर गेला तर बोरॉन आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादाच 200 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेल्या पाण्यातही ही पद्धत चकू शकते. बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर धरतो, अशा गावात तर नक्कीच. उपाय आहे. नमुना आधी आयन-विनिमय रेझिनमधून गाळायचा. ही एक पायरी वाढली, की गावात वापरायची सोपी चाचणी पुन्हा प्रयोगशाळेची चाचणी होते.

कार्बन डॉटचा प्रश्न थोडा वेगळा आहे. फेरिक लोहाने डॉटची चमक कमी होते, म्हणून हा लोहाचा संवेदक, असे सांगणारे निबंध ढिगाने आले. पण फेरिक आयन स्वतःच अतिनील प्रकाश शोषतो. अशा वेळी डॉटपर्यंत प्रकाशच कमी पोहोचतो आणि चमक आपोआप उतरते. रेणूने लोह ओळखलेले नसते, दिव्यासमोर पडदा आलेला असतो. हा फरक तपासून पाहणारे निबंध चांगले, न तपासणारे संख्येने बरेच. शिवाय विझणारा संवेदक नेहमीच संशयास्पद असतो, कारण गढूळपणानेही प्रकाश विझतो. उजळणारा संवेदक बनवणे जास्त अवघड असले, तरी मैदानात तोच टिकतो.

नमुन्याचीही एक पळवाट आहे. नळाचे पाणी घ्यायचे, त्यात ठरावीक शिसे आपणच मिसळायचे आणि 98 टक्के परत मिळाले असे लिहायचे. मिसळलेले शिसे सुटे असते. नदीतले शिसे गाळाला चिकटलेले असते, सेंद्रिय पदार्थांत गुंतलेले असते. ते सुटे केल्याशिवाय संवेदकाला दिसतच नाही.

चूक झाली तर किंमत कोण मोजते?

सन 2010 चा द्राक्ष हंगाम तासगाव-मिरजेचे बागायतदार विसरलेले नाहीत. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि माल अडकला. तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. विशेष म्हणजे निर्यातीआधी द्राक्षांची तपासणी झालेली होती. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासण्याची यंत्रणा काही वर्षांपासून चालू होती आणि पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिच्या केंद्रस्थानी होती. पण क्लोरमेक्वाट तपासायच्या यादीत नव्हते. हा लहान, विद्युतभारित, पाण्यात सहज विरघळणारा रेणू आहे. एका झटक्यात शेकडो कीटकनाशके पकडणाऱ्या नेहमीच्या निष्कर्षणात तो द्रावकाकडे येतच नाही. त्याला स्वतंत्र पद्धत लागते. नंतर तो यादीत आला.

यंत्र कितीही महाग असो, जे शोधायचे ठरवले तेवढेच सापडते. संवेदक तर एकाच पदार्थासाठी घडवलेला असतो, त्यामुळे त्याला हा नियम अधिकच लागू पडतो. द्राक्षबागेत बांधावर क्लोरमेक्वाट दाखवणारी पट्टी शेतकऱ्याला नक्की हवी असेल. पण तिने ‘नाही’ म्हटले म्हणजे द्राक्षे निर्दोष ठरत नाहीत, हे पट्टीवर लिहावे लागेल.

बाजारात पोहोचलेले उदाहरण आहे का?

आहे आणि तेही हळदीचेच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या हळदीचा लौकिक जुना. अशा बाजाराला सर्वात मोठी भीती भेसळीच्या संशयाची असते, कारण भाव रंगावर ठरतो. बांगलादेशात हळकुंडांना चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य चोळले जात असल्याचे 2019 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने हातात धरता येणारे क्ष-किरण यंत्र घेऊन घाऊक बाजारात तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सावध केले. भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण 2019 मध्ये 47 टक्के होते, ते 2021 पर्यंत शून्यावर आले.

या कामात रंग बदलणारा रेणू वापरला नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात काम करणाऱ्या संवेदकाला ते दाखवायचे, तर आधी आम्लात विरघळवावे लागेल, आणि आम्लात खुद्द कर्क्युमिनचाही रंग बदलतो. क्ष-किरण यंत्राला यातले काहीच करावे लागत नाही. ते महाग असले तरी एक यंत्र संपूर्ण बाजार समितीला पुरते. कोणत्या कामाला रेणू आणि कोणत्या कामाला यंत्र, हा निवाडा करणे हेही विश्लेषकाचेच काम आहे.

मग रेणूची खरी गरज कुठे आहे?

नदीत. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत सांगलीला येते, तोवर तिच्या काठावर शहरे, साखर कारखाने आणि उसाची शेती दाटलेली असते. मासे मरून तरंगल्याच्या बातम्या सांगलीकरांना नव्या नाहीत. दरवेळी क्रम तोच असतो. सकाळी मासे दिसतात, दुपारी नमुना घेतला जातो आणि अहवाल काही दिवसांनी येतो. तोवर ज्या पाण्याने मासे मेले ते हरिपूरचा संगम ओलांडून पुढे गेलेले असते. बाटलीत भरले जाते ते नंतर आलेले पाणी. इथे प्रयोगशाळेतले यंत्र कितीही अचूक असले तरी उपयोगी नाही. दर काही मिनिटांनी विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया, आम्लता वाचणारी, पाण्यात बुडून राहणारी साधने लागतात. ऑक्सिजनसाठी क्लार्क यांचा इलेक्ट्रोड आणि त्यानंतर आलेले प्रकाशावर चालणारे संवेदक बाजारात मिळतात. महिनोन्महिने पाण्यात राहिल्यावर त्यांच्यावर शेवाळ आणि गाळ चढतो, वाचन सरकते आणि कोणीतरी जाऊन ते पुसून पुन्हा प्रमाणित करावे लागते.

हे पुसण्याचे आणि प्रमाणित करण्याचे काम निबंधात दिसत नाही. पण नदीकाठच्या महाविद्यालयाकडे त्यासाठी लागणारे सगळे असते. रसायनशास्त्राचे विद्यार्थी, साधे स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि वर्षभर चालत जाता येईल असे पाणी. पावसाळ्यात गढूळ, मार्चमध्ये संथ आणि गाळप हंगामात आणखी वेगळे, अशा तिन्ही कृष्णांवर एकच संवेदक वर्षभर चालवून त्याचा अडथळ्यांचा तक्ता छापता येईल. फनेल हलवणाऱ्या जुन्या पिढीच्या निबंधांत असा तक्ता असायचाच.